नऊ व्होल्टचा षड्ज

दुपारी तीनच्या सुमारास आमच्या घरात तानपुरा लागतो. खरा नव्हे, पेटीतला. जेवणाच्या डब्याहून जरा मोठी, तपकिरी रंगाची पेटी आहे. पुढे चार बटणं आणि मागे वायर घुसवायला एक भोक. बटण फिरवलं की आतून तारा एकामागून एक झंकारायला लागतात आणि घर हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखं होतं. पंख्याची घरघर, तलावाकडच्या रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्न, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळं त्या झंकाराच्या मागे जाऊन बसतं. पडदा आत येतो, बाहेर जातो. हे पलंगावर असतात, मी खुर्चीत. त्या वेळी कोणी मला आज वार कोणता म्हणून विचारलं तर मला पटकन सांगता येणार नाही.

हे म्हणजे माझे यजमान. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. दिवसभर ट्रक काट्यावर चढायचे, उतरायचे, आणि हे काचेच्या खोलीत बसून वजन वाचायचे. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायचे आणि षड्ज लावून बसायचे. गाणं वगैरे नाही, नुसता सा. "दिवसभराच्या धडधडीनंतर कानही धुवायला लागतात," असं म्हणायचे. माझ्या मते ते भाजी निवडण्यातून सुटायचं निमित्त होतं, आणि तसं मी रोज बोलूनही दाखवायची. माझ्या नाकावर राग असतो, हे माहेरचे, सासरचे आणि बिल्डिंगमधले सगळे सांगतील. ह्यांचं एक वाक्य होईपर्यंत माझी तीन होतात. कित्येकदा ह्यांचं वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचं मी पुरं करायची, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

त्या सकाळी ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." मी कणीक मळत होते. मागे न बघताच म्हटलं, "डबा समोर आहे. हात मोडलेत का?" त्यांनी डब्याला हात लावला नाही. चहा तसाच प्यायले आणि पेपर घेऊन बसले. तासाभराने पेपर खाली पडल्याचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर हे त्याच्याकडे बघत होते, पण तो उचलायला त्यांचा उजवा हात जातच नव्हता.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा काठी घेऊन चार पावलं चालता येत होती. हातही पुढे थोडा हलायला लागला. गेली ती वाचा. डॉक्टर म्हणाले, कळतं त्यांना सगळं, पण शब्द जिथून यायचे ती वाट बंद झाली आहे. म्हणजे आमच्या छत्तीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं संभाषण काय, तर त्यांचं "साखर कमी आहे" आणि माझं "हात मोडलेत का". मला हे मान्य नव्हतं. मला त्यांच्याकडून आणखी एक वाक्य हवं होतं, कसलंही. मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आठवड्यातून दोनदा एक मुलगी त्यांना बोलायला शिकवायला यायची. शांत स्वभावाची, कधी घाईत नसायची. ह्यांना गाण्याची आवड आहे कळल्यावर ती म्हणाली, "काकू, कधी कधी बोलण्याची वाट बंद असते पण सुराची उघडी राहते. ते रोज ज्या सुराबरोबर बसायचे तो त्यांना ऐकवा. शब्द आलाच तर त्या सुरावरून येईल." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाली, "आणि तुम्ही गप्प बसायचं. त्यांनी तोंड उघडलं की मनात दहा आकडे मोजायचे." मी हो म्हटलं. चारच्या पुढे मी कधी गेले नाही.

पेटी कपाटातून काढली. सुराच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. फार वर्षांपूर्वी पुसताना माझ्या हातून ते बटण फिरलं होतं आणि ह्यांनी दोन दिवस अबोला धरला होता, म्हणून मीच तो ठिपका लावून ठेवला होता. तारा झंकारल्या. ह्यांनी डोळे मिटले, आणि खूप वेळाने त्यांच्या गळ्यातून एक बारीक गुणगुण निघाली. बेसूर नव्हती. तोंड वाकडं झालं होतं, पण सा सरळ होता.

मग दुपारी हाच आमचा दिनक्रम झाला. गुणगुणीचा हळूहळू मोकळा 'आ'कार झाला. सहाव्या आठवड्यात एका दुपारी मी अशीच पेंगत होते, स्वप्नात की जागेपणी कोण जाणे, आणि त्या आकारातून ओढत, सुरावर टेकत टेकत, शब्द आला. "पाणी." मी ताडकन उठले. "पाणी? पाणी हवं? माठातलं देऊ की कोमट? थांबा हं, आणते. बोला ना, कुठलं? बोला!" ह्यांचं तोंड मिटलं. मी पाणी आणलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. शिकवणाऱ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने नुसतं बघितलं, त्यानेच मी ओशाळले.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पेटीचा अडॅप्टर गेला. भिंतीत घालायचा तो काळा ठोकळा थंडगार पडला होता.

आमच्या बिल्डिंगमध्ये याची सोय आहे. जिन्याखाली विजेच्या मीटरशेजारी खिळ्याला एक रेग्झिनची पिशवी टांगलेली असते. कोणाच्या घरातलं यंत्र मेलं आणि अडॅप्टर मागे उरला, की तो त्या पिशवीत जातो. निम्मी भर वरच्या मजल्यावरच्या भाभींची. त्यांचे मिस्टर आखातात असतात, दर खेपेला काहीतरी घेऊन येतात. वस्तू वर्षभरात जाते, अडॅप्टर मात्र चिरंजीव. ज्याला हवा त्याने पिशवीत हात घालायचा आणि आपल्या भोकात बसणारी पिन शोधायची. पिन बसली की झालं, हा आमचा नियम. या नियमावर अख्ख्या बिल्डिंगचे रेडिओ, लहान मुलांचे पियानो आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यांच्या माळा चालल्या आहेत.

मी पिशवी घरी आणून पलंगावर उपडी केली. वायरींचा गुंता सोडवायला भाभी मदतीला आल्या. पहिली पिन बसली ती एका जुन्या कॉर्डलेस फोनच्या अडॅप्टरची. इवलासा, हलका. पेटी लागली, पण तारा आजारी माणसासारख्या बोलायला लागल्या. जरा आवाज वाढवला की सूर थरथरायचा आणि खाली घसरायचा. ह्यांनी कपाळाला आठी घातली. लाल ठिपक्यावर बटण असूनही सा जागेवर नव्हता.

"ताई, माज्या मोबाइलवर लावू का? सगळं मिळतं त्यात," भाभी म्हणाल्या. त्यांनी लावलाही. चांगला खणखणीत होता. ह्यांनी थोडं ऐकलं आणि डाव्या हाताने मोबाइल हळूच बाजूला सारला. त्यांना तोच हवा होता, त्या पेटीतला, थोडा नाकातला.

"या अडॅप्टरात जोर नाही," मी म्हटलं आणि ढिगातला सगळ्यात वजनदार ठोकळा उचलला. कोणाच्या तरी पाण्याच्या फिल्टरचा होता. भाभी म्हणाल्या, "जरा बगून घ्या हां, लिवलेलं असतं त्याच्यावर." चष्मा स्वयंपाकघरात होता. तो आणण्याइतका धीर मला कुठला? डोळे बारीक करून पहिली ओळ वाचली. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. आमच्या मेलेल्या अडॅप्टरवरही पहिली ओळ तीच. सारखे आहेत की, म्हटलं, आणि पिनही मापाला माप बसली.

पेटी वाजली. अशी वाजली की भाभींच्या अंगावर काटा आला. तारा मोठ्याने, भरून झंकारल्या, ह्यांनी चमकून वर पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडलं. मी मोजायला सुरुवात केली. एक, दोन. तीनला "टप" असा आवाज आला. मग काहीच नाही. मागच्या भोकातून धुराची एक रेघ निघाली आणि खोलीभर जळका वास पसरला.

ह्यांचं तोंड उघडंच होतं. ते त्यांनी सावकाश मिटलं, पेटी मांडीवर ओढून घेतली आणि तिच्यावर हात ठेवून बसले. भाभी पटकन बटण बंद करून म्हणाल्या, "नजर लागली बगा." बिचाऱ्या माझ्यावर पांघरूण घालत होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. जीभ सैल सोडून मी एकदा शेवटचं वाक्य करून बसले होते. आता हाताने, जे पुढचं वाक्य येणार होतं त्याची वाटही जाळली होती.

दोन दिवस ह्यांच्या गळ्यातून गुणगुणही आली नाही. पेटी मांडीवरून काढू देत नव्हते. नवी मागवता आली असती, पण ह्यांनी मोबाइल जसा सारला तसाच नव्या पेटीलाही सारलं तर मी काय करणार होते? तिसऱ्या दिवशी पाया पडल्यासारखं करून मी त्यांना म्हटलं, "अहो, द्या. बरी करून आणते." त्यांनी पेटीवरचा हात उचलला. भाभींना त्यांच्याजवळ बसवून मी रिक्षा केली.

बाजारातल्या एका गल्लीत शिरढोणकडचा एक माणूस दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. पन्नाशीचा असेल, केस पिकलेले, डोळ्याला भिंग लावलेलं. मी काय घडलं ते सांगितलं, पिशवीसकट. त्याने फिल्टरचा अडॅप्टर हातात घेतला आणि हसला.

"काकू, तुमी वरची वळ वाचली. ती भिंतीतून काय घेतो त्याची. ती समद्यांची सारखीच आसते. खालची वाचायची, तो काय देतो ती. ह्यो चोवीस व्होल्ट देतो. तुमच्या पेटीला पायजे नऊ."

"पण पिन बसली," मी म्हटलं.

"पिन काय, कुनाचीबी कुनालाबी बसते," तो म्हणाला आणि स्क्रू काढायला लागला.

पेटी उघडली. आत तारा नव्हत्या, हे मला माहीत असूनही वाईट वाटलं. एक हिरवी पाटी, त्यावर मुंग्यांसारखे काळे ठिपके. एका कोपऱ्यात जळल्याचा डाग होता. तो वाकून बघत राहिला. वर पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी कोळंबीचा भाव सांगत होतं, आणि मला वाटलं मी पूर्वी कधीतरी या स्टुलावर अशीच बसले आहे आणि आत दवाखान्यात हे आहेत. डॉक्टरांनाही मी असंच विचारलं होतं.

"वाचेल का?"

"दारावरचा गेलाय," तो म्हणाला. "वीज आत येते तिथं ह्यो पार्ट पहारा देतो. त्यानं सोताला जाळून घेतला. आतला वाचलेला दिसते. लावून बगू."

मग मी तिथेच बसून राहिले. तो नवा पार्ट डागत होता, कलईच्या धुराचा वास येत होता. मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून सोबत आणलेला पहिला, तो इवलासा फोनचा अडॅप्टर त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं की यानं सूर का घसरत होता.

"तो नऊचाच होता. पन त्याच्यात दम नव्हता. ॲम्पियर कमी." त्याने हातातलं काम थांबवलं नाही. "तुमची गच्चीवरची टाकी हाय ना, ती किती उंच हाय ते व्होल्ट. पानी तेवढ्या जोरानं खाली येनार. उंची ठरल्याली पायजे. जास्ती जोर झाला तर नळ तुटंल. आनि टाकीत साठा किती, पाइप किती रुंद, ते ॲम्पियर. तो कमी पडला तर नळ रडतो. जास्ती आसला तर काय बिगडत नाय."

त्याने ड्रॉवरमधून एक अडॅप्टर काढला, मीटरच्या दोन सुया पिनेला लावल्या, अधिकचं टोक पिनेच्या आत आहे की बाहेर तेही तपासलं. मग माझ्यापुढे धरला. या वेळी मी चष्मा लावून खालची ओळ वाचली. नऊ व्होल्ट. दोन ॲम्पियर. आमच्या जुन्या मेलेल्यावर अर्धा ॲम्पियर लिहिलं होतं.

"चौपट?" माझा आवाज चढला. "अहो, पुन्हा जळेल!"

"नाय जळत, काकू. व्होल्ट आपन ढकलतो. ॲम्पियर ज्येचा तो ओढून घेतो. पेटीला अर्धा लागला तर अर्धाच घेनार. बाकीचा नुसता दारात हुबा ऱ्हानार. हाक मारली तर आत जानार, नायतर नाय."

त्याने पिन लावली. क्षणभर काहीच झालं नाही आणि मी ओढणीचा पीळ करून टाकला. मग त्या जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत पहिली तार वाजली, मग दुसरी. कोळंबीवाली बोलायची थांबली, किंवा मला तसं वाटलं. मी त्याला हात जोडले. तो म्हणाला, "बास बास. आता पिशवीतला कायबी लावू नका."

रिक्षात पेटी मांडीवर धरून मी बसले होते. एसटी स्टँडपाशी गर्दीत रिक्षा बराच वेळ अडकली. एरवी मी ड्रायव्हरला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी माझ्या डोक्यात तो दारात उभा राहणारा ॲम्पियरच फिरत होता. छत्तीस वर्षं मी ह्यांच्यापाशी कधी नुसती उभी राहिले होते का? प्रेम नव्हतं असं नाही. भरपूर होतं, अजून आहे. पण ते मी सगळं ढकलूनच दिलं. बोला, खा, उठा, सांगा.

घरी आले तेव्हा भाभी ह्यांना केळं भरवत होत्या. मी पेटी लावली, बटण लाल ठिपक्यावर आणलं आणि चहा ठेवला. तीन वाजून गेले होते. चहा ह्यांच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. भाभी केळ्याचं साल उचलून वर निघून गेल्या.

सा लागला होता. पडदा आत यायचा, बाहेर जायचा. ऊन सरकत पलंगाच्या पायापर्यंत आलं. ह्यांनी एक घोट घेतला आणि थांबले. गळ्यात गुणगुण सुरू झाली, तिचा आकार झाला, आकार लांबला. मी दहा मोजले. पुन्हा दहा मोजले. मग आकडे कधी सुटले ते कळलं नाही. मला वाटत होतं मी तलावाच्या पायरीवर बसले आहे आणि पाण्याखालून कोणीतरी हळूहळू वर येतंय. जीभ दातांखाली धरली होती, ती दुखायला लागली.

"सा..." ते म्हणाले. मला वाटलं षड्जच लावताहेत. "सा... खर." मोठा श्वास. तारा त्यांच्यासाठी थांबल्या नाहीत, फिरत राहिल्या, आणि ते पुढच्या फेरीला त्यांच्यावर चढले. "क... मी."

साखर कमी. त्याच सुरावर, लाल ठिपक्यावरच्या, थोडं ओढलेलं, पण अख्खं. माझ्या तोंडात त्यावरचं उत्तर तयार होतं. छत्तीस वर्षांची सवय, ती कुठे जाणार? ते मी गिळलं. उठून साखरेचा डबा आणला, चमचाभर साखर घातली, ढवळली आणि कप परत त्यांच्या हातात दिला. "आता?" एवढंच विचारलं आणि उभी राहिले. त्यांनी घोट घेतला. किती वेळ गेला मला माहीत नाही. "बरा," ते म्हणाले, आणि अर्ध्या तोंडाने हसले.

आता ते पाच-सहा शब्दांची वाक्यं बोलतात, तानपुरा नसतानाही. राग आला तर शब्द अडकतात, मग पेटीकडे बोट दाखवतात. जिन्याखालच्या पिशवीतल्या प्रत्येक अडॅप्टरला भाभींनी आणि मी बसून चिठ्ठी बांधली आहे, खालच्या ओळीची. आणि दुपारच्या चहात मी साखर अजूनही कमीच घालते, मुद्दाम.